लूक, शेजारची माय आणि एक जुनं खातं



बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आज बसलोच. मी हरमलचा. वय चौऱ्याहत्तर. बी.कॉम. १९७१ चा, पुढच्याच वर्षी बँकेत चिकटलो आणि २०१० साली ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यांत डोकं घातलं. आज स्वतःचं एक खातं तुमच्यासमोर उघडतो आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घराला लागून चिऱ्यांचा कंबरेएवढा गडगा आहे आणि गडग्यापलीकडे एका ख्रिस्ती कुटुंबाचं घर. त्या घरची म्हातारी माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. सगळा वाडा तिला मायच म्हणतो, मीही. तिचा नवरा मासेमार होता, २००४ साली गेला. मुलगा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. सून म्हापशाला कामाला जाते. दिवसभर माय एकटीच बलकांवातल्या सोप्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करते.

२०२० सालच्या फेब्रुवारीत मी सहज तिच्याकडे गेलो होतो. तिच्या मांडीवर रोमी लिपीतलं कोंकणी बायबल उघडं होतं, पण ती वाचत नव्हती. बोट ओळीवर ठेवून नुसती बसली होती. विचारलं तर म्हणाली, डोळ्यांनी आता दगा दिला, मधला भाग दिसत नाही, कडा तेवढ्या दिसतात. दोन दिवसांनी राखेचा बुधवार होता. तिथून ईस्टरपर्यंतचा उपासकाळ, ज्याला आपल्या गोव्यात कोरेजम म्हणतात, त्यात दर वर्षी एक शुभवर्तमान पुरं वाचायचं हा तिचा नेम. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा. यंदा मोडणार म्हणून ती बसली होती.

मी म्हटलं, "मी वाचतो की!"

म्हटलं खरं, पण रोमी कोंकणी वाचणं हा माझा प्रांत नव्हे. आमचं शिक्षण सगळं मराठीत. तिथे 'एक्स' लिहिला की 'श' म्हणायचा, शेवटी 'एम' आला की नाकातून सोडायचा. पहिल्याच परिच्छेदाला मी तीन ठिकाणी अडखळलो. माय तोंडाला पदर लावून हसत होती. "भाऊ, तुजो 'एक्स' आयकून देवाक हांसूं येतलें," म्हणाली.

मग मीच उपाय काढला. माझ्याकडे मराठी बायबल होतं. नोकरीत असताना एका सहकाऱ्याने बदलीच्या वेळी भेट दिलेलं, कपाटात वरच्या फळीवर पडून होतं. धूळ झटकली. मायला मराठी समजायला काहीच अडचण नव्हती. पेडणे महालात राहून मराठी नाटकं न पाहिलेलं माणूस सापडायचं नाही. ठरलं. संध्याकाळी देवळाकडच्या कपेलाची घंटा झाली की मी चहा घेऊन गडगा ओलांडायचा आणि अर्धा-पाऊण अध्याय वाचायचा. शुभवर्तमानं चार आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान. त्या वर्षी तिची लूकची पाळी होती.

आता काही मंडळींच्या मनात येईल तेच तेव्हा गावातल्या एका गृहस्थांनी तोंडावर विचारलं. "काय भाऊ, ह्या वयात धर्म बदलताय की काय?" मी हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन विचार केला. माझी आई श्रावणात 'हरिविजय' वाचायची. दारात कोण बसून ऐकतंय हे ती कधी बघत नसे. मायची सासूही त्या ओसरीच्या पायरीवर बसून ऐकलेली मी लहानपणी पाहिली आहे. ती कुठे बदलली? आणि आपल्या गोव्यात ही गोष्ट काही नवी नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, आपली भाषा शिकला. नव्याने ख्रिस्ती झालेले लोक त्याला म्हणू लागले, आम्हाला पूर्वीसारखी पुराणं ऐकायला नाहीत. म्हणून त्याने बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली. जवळजवळ अकरा हजार ओव्या. १६१६ साली राशोलला ती छापली गेली. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमी अक्षरांत छापली, पण भाषा मराठी. तेच 'ख्रिस्तपुराण'. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने इथल्या भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. आमचा पेडणे महाल तेव्हा त्यांच्याकडे नव्हता, तो गेला १७८८ मध्ये, त्यामुळे आमच्याकडे मराठी पुराणवाचनाचा धागा तुटला नाही. आणि अलीकडचं म्हणाल तर विनोबांनी बायबलचं सार काढून 'ख्रिस्तधर्म-सार' तयार केलं, ते काही धर्म बदलून नाही. एवढी थोर माणसं पाठीशी असताना मी कशाला घाबरू?

वाचनाची आमची रीत साधी होती. मी वाचायचं. मग दोघांनी पाच मिनिटं गप्प बसायचं. ही मायची अट. पहिल्या दिवशी मला ती पाच मिनिटं पाऊण तासाएवढी वाटली. मग तिला जे सुचेल ते तिने बोलायचं, मला सुचेल ते मी. कुणी कुणाला शिकवायचं नाही.

पाचव्या अध्यायात समुद्रकाठचा प्रसंग आहे. शिमोन पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने आलेत, किनाऱ्यावर जाळी धुताहेत. येशू त्यांना म्हणतो, परत खोल पाण्यात चला आणि जाळी टाका. मी वाचून गेलो, पुढच्या मासोळीच्या चमत्कारावर माझं लक्ष. मायने मात्र मला मागे नेलं. "धुवून काडिल्लें जाळें," ती म्हणाली, "भाऊ, तुका कळचें ना." मग तिने समजावलं. रात्रभर राबून, काही न मिळता, जाळं धुवून झालेलं असतं. अंगात त्राण नसतं. त्या वेळी नवऱ्यालासुद्धा कुणी म्हटलं की परत जा, तर तो शिव्या देईल. आणि सांगणारा कोण, तर सुताराचा मुलगा, दर्याशी संबंध नसलेला. तरी ते गेले. तिच्या लेखी चमत्कार तिथेच झाला होता, मासे नंतर. मी कॉमर्सचा माणूस. मला हे पुस्तक वाचून दहा जन्मात सुचलं नसतं.

सातव्या अध्यायापासून मात्र माझी गाडी अडखळायला लागली.

तिथे येशू एक छोटी गोष्ट सांगतो. एका सावकाराचे दोन कर्जदार. एकाकडे पाचशे दिनार येणं, दुसऱ्याकडे पन्नास. दोघांपाशी द्यायला काही नाही, म्हणून सावकार दोघांनाही सोडून देतो. आता जास्त प्रेम कोण करील? दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. पाचशे दिनार म्हणजे सुट्ट्या धरून दीड-पावणेदोन वर्षांची मजुरी. माझं डोकं लगेच आकडेमोडीला लागलं. एवढं येणं निर्लेखित करायला अधिकार कुणाचा, मंजुरी कुणाची! मग ती पाच मिनिटं गप्प बसायची वेळ आली, आणि त्या शांततेत मला एकदम १९८८ साल आठवलं.

ते सांगायलाच हवं.

त्या काळात मी आमच्या महालातल्याच एका शाखेत होतो. बँकेचं नाव घेत नाही, कारण चूक बँकेची नव्हती. १९८५ च्या सुमारास सरकारी योजनेतून मच्छीमारांना होडी-इंजिनासाठी कर्ज मिळत होतं. मायच्या नवऱ्याने घेतलं. बारा हजार. कागदपत्रं मीच करून दिली, शेजारधर्म म्हणून. पहिली दोन वर्षं हप्ते वेळेवर आले. मग एक हंगाम वाईट गेला, इंजिन बिघडलं, त्याला कावीळ झाली. थकबाकी चढली. सात हजार चारशे. हा आकडा मला आजही पाठ आहे.

शाखेची वसुली तेव्हा माझ्याकडे होती. हप्ते पुढे ढकलून द्यावेत असा प्रस्ताव वरच्या ऑफिसला पाठवता येत होता. आजारपण खरं होतं, धंदा खरा होता, माणूस खरा होता. इतर दोघातिघांचे असे प्रस्ताव मी पाठवलेही होते. पण ह्याचा पाठवला नाही. का? कारण तो माझा शेजारी होता. लोक म्हणतील, भाऊने शेजाऱ्याला सांभाळलं. माझ्या स्वच्छ नावाला डाग नको. म्हणून मी बाकीच्यांपेक्षा त्याच्याशीच जास्त कडक वागलो. नोटीस गेली. नोटिशीवर सही माझी. जप्तीची भाषा लिहिलेली. नोटीस द्यायला शिपाई आला, तेव्हा मी घरी होतो आणि मागच्या दाराने परसात निघून गेलो.

पंधरा दिवसांत त्याने पैसे भरले. पूर्ण, व्याजासकट. मायच्या पाटल्या विकून. हे मला नंतर कळलं, किंवा खरं सांगायचं तर तेव्हाच कळलं होतं, पण मी कळून घेतलं नाही. त्या वर्षी वसुलीबद्दल वरून मला अभिनंदनाचं पत्र आलं. ते अजून फायलीत आहे.

आणि १९९० साली कर्जमाफी आली. विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारने दहा हजारांपर्यंतची थकित कर्जं माफ केली. अटी होत्या, याद्या होत्या. त्याचं खातं तेव्हा उघडं असतं तर यादीत बसलं असतं की नाही, हे सांगता येणार नाही. बसवून पाहायची वेळच आली नाही. खातं बंद झालेलं होतं. वाड्यावरचे ज्यांनी दमडी भरली नव्हती त्यांतले काही सुटले, आणि ज्याने बायकोच्या हातातलं काढून भरलं तो तसाच राहिला. लोक त्याला हसलेही.

तीस-बत्तीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आणि आता रोज संध्याकाळी त्याच घरात बसून मोठ्या आवाजात ऋणमुक्तीच्या गोष्टी वाचत होतो.

मार्चच्या मध्याला आम्ही आठव्या अध्यायात होतो. सरोवरात वादळ, होडीत पाणी, आणि येशू झोपलेला. त्याच आठवड्यात मायच्या मुलाचा फोन आला. क्रूझ कंपन्यांनी सफरी थांबवल्या होत्या, प्रवासी उतरवले, पण खलाशांना कुठलंच बंदर घेईना. बोट समुद्रात उभी. गोव्याची शेकडो मुलं तशी अडकली होती, तुम्हाला आठवत असेल. मायने तो वादळाचा भाग मला चार दिवस लागोपाठ वाचायला लावला. पुढे जाऊच देईना. पाचव्या दिवशी मुलाचा व्हिडिओ कॉल आला, तो जेवत होता, तेव्हा म्हणाली, चल आता पुढें.

मग टाळेबंदी. चर्च बंद, देवळं बंद, फेरीवाले बंद. हरमलच्या किनाऱ्यावर एरवी जत्रा असते, तिथे अडकून पडलेले रशियन तेवढे मास्क लावून फिरताना दिसायचे. गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जाणारी वाट मी जन्मात पहिल्यांदा इतकी सुनी पाहिली. सुनेने बजावलं, भाऊंनी आत यायचं नाही, मायने बाहेर जायचं नाही. दोघंही म्हातारे. म्हणून माय आपल्या बाजूला खुर्ची टाकून बसायची, मी आमच्या बाजूला, मध्ये गडगा. तिला ऐकू थोडं कमी येतं. त्यामुळे मी शाळेतल्या मास्तरासारखा ओरडून वाचायचो. पलीकडच्या घरातली मंडळीही आपापल्या दारात येऊन बसू लागली, हिंदू काय आणि ख्रिस्ती काय. आठवड्याभरात आमचं वाचन सगळ्या वाड्याचं झालं.

सोळाव्या अध्यायात एका कारभाऱ्याची गोष्ट आहे. मालक त्याला काढून टाकणार असतो. तर हा पठ्ठ्या जाण्याआधी ऋणकोंना बोलावतो आणि कागद बदलायला लावतो. शंभर माप तेल होतं, पन्नास लिही. शंभर माप गहू होते, ऐंशी लिही. आणि गोष्टीतला मालक त्याचं कौतुक करतो! मी वाचता वाचता थांबलो. "माय, हा सरळ सरळ फ्रॉड आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे असता तर त्याच दिवशी सस्पेंड." सगळे हसले. माय म्हणाली, चोर तर तो आहेच. पण नोकरी जायची वेळ आली तेव्हा त्याने पहिल्यांदा विचार केला की उद्या माझ्यासाठी कुणाचं दार उघडेल.

माझं हसू तिथेच थांबलं. मी गडग्यापलीकडे पाहिलं. तिचं दार उघडंच होतं. मला वाटलं, ते उघडं कसं काय?

लूकमध्ये हिशेबाच्या गोष्टी किती आहेत हे मला तेव्हा जाणवलं. परूशी देवळात उभा राहून देवाला आपला ताळेबंद वाचून दाखवतो, इतके उपास केले, इतका दशमांश दिला, आणि मागे तो जकातदार मान खाली घालून उभा. देव पसंत करतो त्या दुसऱ्याला. माझं अभिनंदनाचं पत्र म्हणजे परूशाची प्रार्थनाच होती, फक्त लेटरहेडवर.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकोणिसावा अध्याय आला. जक्कय. मोठा जकातदार, श्रीमंत, ठेंगणा. येशूला बघायला झाडावर चढतो. येशू त्याच्याच घरी जातो, तेव्हा तो उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करीन. मी एवढं वाचलं आणि पुढचं अक्षर दिसेना. पाच मिनिटं गप्प बसायची ती दहा झाली. शेवटी मी म्हटलं, "माय, १९८८ ची ती नोटीस."

"किदें?" तिने कानामागे हात धरला.

मंडळी, सहा फुटांवरून, अर्धबहिऱ्या माणसाला, सगळा वाडा दारात बसलेला असताना आपली चूक कबूल करायची म्हणजे काय, ते मी सांगू शकत नाही. तीस वर्षं जे पुटपुटलोसुद्धा नव्हतो ते मला ओरडून सांगावं लागलं. प्रस्ताव पाठवता आला असता. पाठवला नाही. शेजारी म्हणून नाही पाठवला. मागच्या दाराने निघून गेलो होतो. सगळं. शेवटी म्हटलं, त्या पाटल्यांचे आजच्या भावाने जे होतील ते मी देतो. जक्कयसारखं चौपट नाही जमणार, पण देतो.

माय बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खबर आसा माका."

तिला तेव्हाच सगळं माहीत होतं. माझ्या शाखेतल्या कुणीतरी तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं की इतरांचे प्रस्ताव गेले, तुझा नाही गेला. नवऱ्याने ते मनाला लावून घेतलं नाही. तो शेवटपर्यंत म्हणायचा, बँकेच्या वहीत आपलं नाव स्वच्छ आहे. माफीच्या वेळी लोक हसले तरी त्याला कधी पश्चात्ताप झाला नाही. राग आला होता तो मायला. "इकरा वर्सां," ती म्हणाली.

अकरा वर्षं नाताळात तिने आमच्या घरी कन्सुआद पाठवली नाही. आमच्याकडून चवथीला ताट जायचं, करंज्या, मोदक, लाडू. एरवी नाताळात त्या घरून दोदोल, नेवऱ्या, बेबिंका यायची. त्या अकरा वर्षांत ती आमचं चवथीचं ताट नुसती साखर घालून परत पाठवायची. रिकामं पाठवू नये म्हणून साखर.

आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं! अकरा नाताळ दोदोल आला नाही आणि माझ्या लक्षात आलं नाही. खात्यात एक पैशाचा फरक असला तर रात्री नऊपर्यंत बसून शोधून काढणारा मी.

मी विचारलं, मग अकरा वर्षांनी राग गेला कसा? माझ्या मनात होतं की काहीतरी मोठं कारण सांगेल. ती म्हणाली, काही झालं नाही. एका नाताळाला ताटं भरताना तुमच्या ताटाकडे हात आपोआप गेला. आणि गेला म्हणजे कायमचा गेला असंही नाही. कधी कधी हातातल्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं की परत येतो. 'आमच्या बापा' ही प्रार्थना तुला माहीत आहे ना, तिने विचारलं. अकराव्या अध्यायात आम्ही ती वाचली होती. देवा, आमची पापं सोड, कारण आम्हीही आमच्या ऋणकोंना सोडतो, अशा अर्थाचं त्यात एक मागणं आहे. "तें दर दिसा म्हणचें पडटा, भाऊ," ती म्हणाली. "एकदां म्हणून सोंपना."

मी पैशांचं पुन्हा काढलं. तर जरा चिडूनच म्हणाली, "पैशे नाका माका. तूं वाच." आणि मी उरलेला अध्याय वाचला.

रात्री बायकोला सांगायला गेलो. ती भांडी लावत होती. म्हणाली, गडग्यावरून एवढ्या मोठ्याने ओरडत होतात, मी काय बहिरी आहे? मग कळलं की साखरेचं तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. "तुम्ही मला कधी सांगितलंत नाही, म्हणून मीही विचारलं नाही. पण ताट थांबवलं नाही." मी म्हटलं, मला सांगायचं तरी होतंस. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही नियम दाखवला असता." खरं आहे. दाखवलाच असता.

त्या वर्षी ईस्टर बारा एप्रिलला होता. चर्चमध्ये मिस्सा नाही. मायच्या आयुष्यातला पहिला ईस्टर घरात. आम्ही शेवटचा चोविसावा अध्याय वाचला. दोन माणसं उदास होऊन यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे चालली आहेत, वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना गाठतो, सोबत चालतो, बोलतो. ते त्याला ओळखत नाहीत. घरी पोचल्यावर जेवायला बसतात, तो भाकर मोडतो, तेव्हा ओळख पटते. माय म्हणाली, इतके दिवस वाचलं, पण ही वाट मला आजच दिसली. मला तर सगळंच आज दिसत होतं. सुनेने गडग्यावर एक ताटली ठेवली. दूध मिळालं नव्हतं, नारळ तेवढे घरचे होते. गूळ-खोबऱ्याचं काहीतरी केलेलं होतं. मी जागेवर उभ्या उभ्या खाल्लं. मुलगा जूनमध्ये परतला, चौदा दिवस विलगीकरणात काढून घरी आला.

तेव्हापासून दर कोरेजमला आमचं वाचन चालू आहे. पुढच्या वर्षी मत्तय, मग मार्क, मग योहान, आता यंदा फिरून लूक. तिच्या नेमातून माझा नेम कधी झाला ते कळलं नाही. आता कोरेजम नसला तरी मी सकाळी पूजा झाल्यावर ज्ञानेश्वरीच्या पाच-दहा ओव्या आणि शुभवर्तमानाचा एक लहान भाग वाचतो, आणि मायची ती पाच मिनिटं गप्प बसतो. दोन्ही पुस्तकं एकाच पाटावर असतात. माझा देव बदललेला नाही. पण आधी मी पोथी वाचायचो ती पानं संपवण्यासाठी. किती अध्याय झाले, किती पारायणं झाली, त्याचीही वही होती माझ्याकडे! आता वाचताना थांबतो आणि बघतो की ह्या गोष्टीत मी कोण आहे. बहुतेक वेळा जो मी असावा असं मला वाटतं तो मी नसतो. उधळ्या मुलाची गोष्ट वाचताना आपण सगळे त्या धाकट्याची बाजू घेतो. नीट पाहिलं तर मी तो थोरला, बाहेर अंगणात उभा राहून बापाला हिशेब विचारणारा.

ज्यांना करून पाहायचं असेल त्यांना एवढंच सांगतो. पुस्तक आपल्या धर्माचं असो वा शेजाऱ्याचं, एकट्याने वाचू नका. ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं आहे अशा माणसासोबत वाचा. मोठ्याने वाचा. मग पुस्तक तुम्हाला सोडत नाही.

माय आता ब्याऐंशीची. कडाही दिसेनाशा झाल्यात. ऐकू आणखी कमी येतं, म्हणून मी आता गडग्यापलीकडे जाऊन तिच्या कानाजवळ बसून वाचतो. परवा जाताना तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं, तेव्हा ते रिकामं मनगट माझ्या हातात होतं. ती काही बोलली नाही, मीही नाही. आज सोळावा अध्याय आहे, तो कारभाऱ्याचा. सहा वाजलेत, चहा झालाय, ती वाट बघत असेल.

चूकभूल द्यावी घ्यावी.